लक्ष्मण मस्तुरिया : लोकप्रियतेचे मोल

गीत लोकांच्या तोंडी बसले की त्यातले काव्य उणावले, असा एक समज आपल्या वाङ्मयीन वर्तुळात फार दिवसांपासून रूढ आहे. एकांतात, छापील पानावर वाचली जाते ती कविता. आणि पेटी-तबल्याच्या साथीने चारचौघांत म्हटले जाते ते गाणे, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. 'गीतकार' हा शब्द उच्चारताना आपल्या सुरात नकळत एक पायरी उतरल्याची भावना असते. भावगीतांवर वाढलेल्या, गजाननराव वाटव्यांना डोक्यावर घेतलेल्या आणि १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या 'गीतरामायणा'साठी घड्याळाकडे डोळे लावून बसलेल्या समाजाने अशी वाटणी करावी, हे एक नवलच होय. परंतु ती आपण केली आहे, हे नाकारून चालणार नाही.

या वाटणीचा फोलपणा मला प्रथम जाणवला तो पुण्या-मुंबईस नव्हे, रायपुरात. १९८० च्या सुमारास बदलीच्या निमित्ताने मी या शहरी आलो. कचेरीची भाषा हिंदी, घरची मराठी. आणि भाजीवाली, गवळी, चपराशी यांच्या आपापसातल्या बोलण्यात जी तिसरी भाषा ऐकू येई, ती कानांवरून वाहून जाई. एके सायंकाळी शेजारच्या रेडिओवर एक गाणे लागले होते. 'मोर संग चलव' एवढे शब्द कळले, आणि मोराच्या सोबतीने चालण्याचे हे काय काव्य असावे, असा प्रश्न मी आमच्या वृद्ध चपराशाला विचारला. तो हसला. "साहेब, 'मोर' म्हणजे 'माझा'. माझ्यासंगे चला, असं म्हणतोय तो." गाणे कोणाचे, असे विचारता तो सहज म्हणाला, "कोणाचं कसलं? आमच्या गावाकडचं आहे. जुनंच आहे."

ते गाणे जुने नव्हते. त्याला धड दहा वर्षेही झालेली नव्हती. ते लिहिणारा आणि गाणारा कवी हयात होता, ऐन तिशीत होता, आणि त्याचे नाव लक्ष्मण मस्तुरिया असे होते. हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळले. एखाद्याचे शब्द त्याच्या डोळ्यांदेखत 'जुने' व्हावेत, 'गावाकडचे' व्हावेत, हे यश की विस्मरण? लोककवीच्या बाबतीत हा प्रश्न पहिला आहे आणि कदाचित शेवटचाही. मस्तुरियांच्या कारकीर्दीचा विचार प्रस्तुत लेखात मी याच प्रश्नाच्या अनुरोधाने करणार आहे.

लक्ष्मण मस्तुरियांचा जन्म ७ जून १९४९ रोजी बिलासपूर जिल्ह्यातील मस्तुरी या गावी झाला. मस्तुरिया म्हणजे मस्तुरीचा. आपल्याकडे जन्मले असते तर ते मस्तुरीकर झाले असते. ज्या कवीने पुढे जन्मभर भुईचे गाणे गायिले, त्याने गावच आपल्या नावाला जोडून घ्यावे, यात औचित्य आहे. त्यांचे तारुण्य ज्या काळात उमलले, तो काळ छत्तीसगढच्या दृष्टीने विलक्षण खळबळीचा होता. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. नागपूर राजधानी असलेला जुना मध्यप्रांत मोडला आणि हा भाग भोपाळच्या आधिपत्याखाली गेला. त्याच वर्षी डॉ. खूबचंद बघेल यांनी राजनांदगावी 'छत्तीसगढ महासभा' स्थापून या भूभागाच्या स्वत्वाचा प्रश्न जाहीरपणे मांडला. १९५९ च्या फेब्रुवारीत भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून, आपल्या मुलखातूनही, माणसे या नव्या पोलादनगरीत आली. ज्यांच्या शेतांवर ती नगरी उभी राहिली, ते मात्र पुष्कळदा तिच्या फाटकाबाहेरच राहिले. त्यातच १९६५-६६ चा दुष्काळ पडला. भाताचे कोठार म्हणून मिरविणाऱ्या प्रांतात माणसे गाव सोडून चालू लागली.

या पार्श्वभूमीवर दुर्गजवळच्या बघेरा गावचे दाऊ रामचंद्र देशमुख यांनी 'चंदैनी गोंदा' ही संस्था आणि त्याच नावाचा रंगप्रयोग उभा केला. देशमुख हे नाव ऐकून आपल्यापैकी अनेकांना ते वऱ्हाडचे वाटतात. परंतु हे देशमुख अस्सल छत्तीसगढी. 'दाऊ' ही तिकडची मालगुजाराची आदरार्थी उपाधी. 'गोंदा' म्हणजे झेंडू. बड्या लोकांच्या बागेत ज्याला मानाची जागा नाही, पण ज्याच्यावाचून गरिबाच्या घरचा एकही सण साजरा होत नाही, असे हे फूल. ७ नोव्हेंबर १९७१ रोजी बघेरा येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. त्यापूर्वी छत्तीसगढच्या खेड्यात रात्र जागवीत असे तो 'नाचा'. आपल्या तमाशाचा दूरचा भाऊ म्हणावा असा प्रकार. त्यात पुरुषच स्त्रीवेष घेत, विनोदाला धरबंध नसे, आणि गाणी कधी परंपरेतली, तर कधी मुंबईच्या चित्रपटांतून उचललेली असत. देशमुखांनी शेतकऱ्याच्या आयुष्याची कथा, म्हणजे पेरणी, आशा, अवर्षण, नाडवणूक आणि पुन्हा उभे राहणे, गीतांच्या मालिकेतून गुंफली. दुखित आणि मरहा ही त्यातील पात्रांची नावेच आपली कहाणी सांगतात. राजनांदगावचे खुमानलाल साव संगीताला लाभले. गीतांसाठी आणि गाण्यासाठी लाभला तो बावीस वर्षांचा हा तरुण.

चंदैनी गोंदाच्या प्रयोगांना पंचक्रोशीतून माणसे बैलगाड्या जुंपून येत आणि मोकळ्या शेतात रात्र रात्र बसत. रायपूर आकाशवाणी केंद्र १९६३ पासून सुरू होतेच; त्याने ती गाणी घराघरांत नेली. १९७४ च्या जानेवारीत प्रजासत्ताक दिनानिमित्त दिल्लीच्या लाल किल्ल्यावर होणाऱ्या कविसंमेलनात मस्तुरियांनी छत्तीसगढीत कविता म्हटली. तेव्हा ते पंचविशीतही नव्हते. पुढे त्यांनी रायपूरच्या राजकुमार कॉलेजात अध्यापन केले. संस्थानिकांच्या मुलांसाठी १८८२ साली जबलपुरात स्थापन झालेली आणि १८९४ मध्ये रायपुरास आलेली ही शाळा. आणि तीत शिकवीत होता दुखित आणि मरहा यांचा कवी! नियतीने योजलेल्या अशा विसंगती कोणा कादंबरीकारास सुचावयाच्या नाहीत.

आता गीतांकडे वळू. मस्तुरियांच्या रचनेचा पहिला गुण असा की, तीत बोलीचे व्याकरणच काव्याचे काम करते. छत्तीसगढीत पुरुषाला हाक मारताना 'गा' येतो आणि स्त्रीला हाक मारताना 'वो' येतो. शेतकऱ्याला साद घालताना छत्तीसगढी गीतात जेव्हा 'गा' उमटतो, तेव्हा मराठी कानाने क्षणभर थबकावे. हा 'गा' आपल्या ज्ञानदेवांच्या ओवीत आहे. भंडारा-चंद्रपूरकडच्या बोलीत तो अजून नांदतो आहे. नागपूरकडून आलेल्या वाचकाला तर 'वो'ही परका वाटू नये. 'मैं बंदत हंव' या भूमिवंदनाच्या गीतात धरणीमातेला उद्देशून हाच 'वो' येतो. देवतेला संस्कृत संबोधनाने दूर नेऊन बसविण्याऐवजी, घरातल्या आईला ओसरीवरून हाक मारावी तशी हाक या एका अक्षराने साधली आहे. आपल्या राष्ट्रीय गीतांत भूमी बहुधा सिंहासनावर बसलेली असते. येथे ती चुलीपाशी आहे. वंदनगीताला एवढे साधे, एवढे जवळचे करणे हे सोपे काम नव्हे.

दुसरे उदाहरण त्यांच्या एका संग्रहाच्या नावाचेच घ्यावे. 'हमू बेटा भुंइया के' असे ते नाव आहे. मराठीत सांगायचे तर 'आम्हीही या भुईची लेकरे'. सारे मर्म त्या 'हमू'च्या दीर्घ ऊकारात आहे. 'हम' म्हटले असते तर तो अभिमान झाला असता. 'हमू' म्हटल्याने ते गाऱ्हाणे झाले, दावा झाला. कोणीतरी आम्हांला लेकरांत मोजावयाचे विसरले आहे, हे त्या एका स्वरातून ऐकू येते. ज्या प्रांताने धान, लोखंड, कोळसा आणि मजूर पुरवावेत आणि निर्णय मात्र दुसरीकडे व्हावेत, त्या प्रांताचे सगळे राजकारण या 'ही'मध्ये साठले आहे. दहा पानांच्या निवेदनाने जे साधत नाही ते एका स्वराने साधते, म्हणून तर कवीची गरज.

'मोर संग चलव' हे त्यांचे सर्वांत गाजलेले गीत. त्यातील हाक आहे ती खाली पडलेल्यांना, दमलेल्यांना, भ्यालेल्यांना. गाणारा त्यांना आपल्यासंगे चालण्यास सांगतो. मग आमराईची गार सावली देऊ करतो, पाणी देऊ करतो. आणि हळूहळू तो 'मी' वाढत वाढत सागराएवढा होतो, स्वर्ग भूमीवर आणण्याची भाषा बोलू लागतो. छापील पानावर वाचताना हा 'मी' थोडा फुगल्यासारखा वाटतो, हे मी प्रांजळपणे नमूद करतो. एकट्या माणसाने एवढी आश्वासने का द्यावीत? परंतु हे गीत पानासाठी रचलेले नाही. हजारो कुणबी, मजूर, कोष्टी उघड्यावर बसलेले आहेत. एक तरुण आवाज 'मोर' म्हणतो आणि पाहता पाहता त्या सर्वांच्या ओठी तोच 'मोर' येतो. म्हणजे 'माझ्यासंगे' हे प्रत्येकाचे प्रत्येकाला सांगणे होते. जो 'मी' पानावर अहंकारी भासला, तो समूहात विरघळून 'आम्ही' होतो. आपल्या साहित्यशास्त्रात ज्याला साधारणीकरण म्हटले आहे ते येथे प्रत्यक्ष डोळ्यांपुढे, कंठाकंठांतून घडते. शिवाय 'चलव' हे रूप पाहावे. ते अनेकवचनी आहे आणि आदरार्थीही. ज्याला आयुष्यात कोणी 'चला' म्हटले नाही, ज्याच्या वाट्याला 'चल' आणि 'हट' एवढेच आले, त्याला हा कवी 'चला' म्हणतो. गीताचा खरा क्रांतिकारक शब्द 'सागर' नव्हे, 'स्वर्ग' नव्हे. तो हा 'चलव' आहे.

'पता दे जा रे गाडीवाला' हे गीत अगदी वेगळ्या जातीचे. कविता वासनिक यांच्या आवाजात ते घरोघर पोहोचले. वाटेने जाणाऱ्या गाडीवाल्याला एक मुलगी थांबवू पाहते आणि त्याचा पत्ता विचारते. स्वतःचा देऊही करते. छत्तीसगढच्या लोकगीतांत 'ददरिया' नावाचा दोन ओळींचा शृंगारिक प्रकार आहे. त्यात पुष्कळदा पहिल्या ओळीत एखादे दृश्य येते आणि दुसरीत मनातले गुज. दोहोंचा सांधा बहुतेक यमकापुरताच. मस्तुरियांनी त्या परंपरेचा हळवेपणा घेतला, पण सुटे सुटे मणी न ठेवता एका प्रसंगाच्या दोऱ्यात ओवले. आणि प्रश्न तरी कसले? नाव काय, गाव कोणते इथून आरंभ होतो. मग गावाची शीव येते, टपालकचेरी येते, ठाणे आणि कचेरी येते, पारा-मोहल्ला येतो, रेल्वेमार्गाची दिशा येते. आमच्यासारख्या, आयुष्य खाते-खसऱ्यांत घालविलेल्या माणसांना हे ऐकून हसू यावे आणि हसता हसता गप्प व्हावे. मौजा, ठाणे, तहसील, जिल्हा हे सगळे रकाने आपण हजारो अर्जांवर पाहिले. त्या कोरड्या रकान्यांत एका मुलीचे काळीज सापडेल, असे आपल्याला कधी वाटले नव्हते. ज्या शासनयंत्रणेने गावाला रकान्यात बसविले, तिचीच परिभाषा उसनी घेऊन ही मुलगी आपला सांगावा धाडते. गाडीवाल्याचे उत्तर गीतात येत नाही. ते येऊ नये यातच त्याची आर्तता आहे.

अशा कवीची गाणी त्याच्या हयातीतच 'पारंपरिक' मानली जाऊ लागली, याचे नवल वाटावयास नको. खानदेशच्या बहिणाबाईंची गाणी १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली तेव्हा आपण चकित झालो. कारण लोकवाणी वाटावे असे ते धन एका विशिष्ट, नाव असलेल्या स्त्रीचे निघाले. वामनदादा कर्डकांची गाणी तर गावोगाव गायली गेली. कित्येक गाणाऱ्यांना ती कोणाची हे ठाऊकही नसे, आणि कविता म्हणून त्यांचा विचार करण्यास आपल्या समीक्षेने फार उशीर केला. लोककवीचे नाव पुसले जाणे हा त्याच्या यशाचा एक दाखला आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. 'गंगेला मिळालेल्या ओढ्याचे नाव राहत नाही,' अशी सुंदर वाक्ये त्यासाठी तयारच असतात. मला मात्र या वाक्यांचा संशय येऊ लागला आहे. ज्या कवींना आपण प्रतिष्ठित मानतो, त्यांच्या बाबतीत हा न्याय आपण लावीत नाही. त्यांची नावे आपण पाठ्यपुस्तकांत जपून ठेवतो. अनामिकतेचा गौरव आपण नेमका खेड्यातल्या, बोलीतल्या, जात्यावरच्या आणि जलशातल्या कवीलाच बहाल करतो. हा गौरव सोयीचा आहे. गाणे 'लोकांचे' ठरले की कोणा एका माणसाच्या बुद्धीचे, निवडीचे, रागाचे श्रेय द्यावे लागत नाही.

आणि नावाबरोबर आणखीही एक गोष्ट जाते. ती म्हणजे गाण्याची धार. मस्तुरियांच्या बाबतीत हे मला अधिक गंभीर वाटते. त्यांच्या गायिल्या न जाणाऱ्या रचनांकडे वळावे म्हणजे हे ध्यानी येईल. 'सोनाखान के आगी' हे त्यांचे दीर्घ कथाकाव्य वीर नारायणसिंहांवर आहे. १८५६ च्या दुष्काळात सोनाखानच्या या जमीनदाराने एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडून भुकेल्यांना वाटले; त्याला कैद झाली; १८५७ मध्ये तो रायपूरच्या तुरुंगातून निसटला, पुन्हा लढला, पुन्हा पकडला गेला, आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्याला देहदंड देण्यात आला. जयस्तंभ चौकातून आपण रोज ये-जा करतो. त्या जागेशी लोकस्मृतीने हा प्रसंग जोडलेला आहे. मराठी वाचकाला या काव्यात पोवाड्याची जात ओळखू येईल. पण पोवाड्यात बहुधा गडकोट आणि तलवार यांचे वर्णन अग्रभागी असते. येथे कथेच्या केंद्रस्थानी आहे धान्याची कोठी. शौर्याचे कारण भूक आहे. दुखित-मरहाचा कवीच हे काव्य लिहू शकतो, आणि त्याची प्रेमगीते व भूमिगीते या काव्यासमोर ठेवून वाचली म्हणजे त्यांतली 'माती' निव्वळ गोड राहत नाही. ती कोणाच्या नावे आहे, तिचे धान्य कोणाच्या कोठारात जाते, हे प्रश्न त्या शब्दाला चिकटतात.

येथे दोषदिग्दर्शनही केले पाहिजे. ते टाळणे कवीला कमी लेखण्यासारखे होईल. मस्तुरियांच्या शब्दसंपदेत माती, भुई, महतारी, अमराई यांची आवर्तने फार आहेत. एकेक गीत स्वतंत्रपणे ऐकताना हे जाणवत नाही. संग्रह सलग वाचताना जाणवते. खुमानलाल सावांच्या चालींनी पुष्कळ ठिकाणी शब्दांचे उणे झाकले आहे. ती चाल मनातून काढून टाकली तर काही रचना पातळ वाटतात. सावांना संगीत नाटक अकादमीचा २०१५ चा पुरस्कार मिळाला, तो या दृष्टीने मस्तुरियांच्या शब्दांनाही थोडासा मिळाला असे म्हणता येईल. शब्द आणि स्वर यांचे हे देणेघेणे माडगूळकर-फडक्यांच्या बाबतीत आपल्याला परिचित आहेच. तेथेही कोणाचे किती, याचा हिशेब करू जाता हाती काही लागत नाही.

२००० साली सतीश जैन यांचा 'मोर छइंहा भुइंया' हा छत्तीसगढी चित्रपट आला. मनु नायक यांच्या १९६५ च्या 'कहि देबे संदेस'ने सुरू झालेली, पण पुढे जवळजवळ आटलेली ही चित्रपटांची वाट त्याने पुन्हा वाहती केली. त्याची गीते मस्तुरियांची होती. चित्रपटगृहांपुढे रांगा लागल्या. त्याच सुमारास, १ नोव्हेंबर २००० रोजी, छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले. जन्मभर ज्याचे गाऱ्हाणे गायिले ते मागणे पुरे झाले असे म्हणू नये, कारण कवीचे वय तेव्हा अवघे एकावन्न होते. परंतु त्याच्या तारुण्यापासूनचे एक स्वप्न पुरे झाले, एवढे खास. आणि येथेच लोकप्रियतेने आपले मोल मागितले.

गाऱ्हाण्याचे शब्द सत्कारसमारंभाचे शब्द झाले. 'भुंइया' आणि 'महतारी' ही राज्याच्या व्यासपीठांवरची, फलकांवरची नित्याची आभूषणे झाली. २००७ साली छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा देणारा कायदा विधानसभेने संमत केला. २०१९ च्या नोव्हेंबरात डॉ. नरेंद्रदेव वर्मा यांचे 'अरपा पैरी के धार' हे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले गेले. या गोष्टी आनंदाच्याच आहेत. पण ज्या गाण्यांत एकेकाळी पडलेल्यांना हाक होती, ती गाणी मंत्र्यांच्या आगमनापूर्वी वेळ भरून काढण्यासाठी वाजू लागली, म्हणजे 'हमू'मधला दीर्घ ऊकार ऱ्हस्व होऊ लागतो. दावा मागे पडतो, अभिमान उरतो. शब्द तेच राहतात, चाल तीच राहते. फक्त ते कोणाला उद्देशून होते याचा विसर पडतो. माझ्या मते लोककवीला याहून मोठा धोका नाही. अप्रसिद्धी कवीला मारीत नाही. सर्वमान्यता कधी कधी मारते.

आणि या समारंभांत पहिल्या रांगेत कोण बसलेले असते? आपण. निमंत्रणपत्रिका छापविणारे, मंडप घालविणारे, कार्यक्रमाच्या यादीत 'स्थानिक लोकगीत : दहा मिनिटे' असा रकाना भरणारे पुष्कळदा आपल्यापैकीच असतात. मीही असे रकाने भरले आहेत. गीताखाली कवीचे नाव लिहावे, हे मला सुचले नव्हते.

मराठी माणसाचे या भूमीशी नाते जुने आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या भास्करपंतांनी रतनपूर घेतले. पुढे बिंबाजी भोसले तेथे नांदले. १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरच्या दप्तरात होता. रतनपूर आणि मस्तुरी ही दोन्ही गावे आज एकाच बिलासपूर जिल्ह्यात आहेत. म्हणजे आपण येथे प्रथम आलो ते वसुलीसाठी आलो. पुढे इंग्रजी अमदानीत आलो ते कचेरीसाठी. पण याच मराठी घरांतून माधवराव सप्रे निघाले. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले; पुढल्याच वर्षी त्यात 'एक टोकरी भर मिट्टी' ही आपली कथा छापली. तिच्यात एका विधवेच्या झोपडीची टोपलीभर माती एका जमीनदाराला उचलवत नाही. टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेणाऱ्या या विद्वानाने ज्या मातीकडे बोट दाखविले, तिनेच सत्तर वर्षांनी मस्तुरियांच्या कंठातून आपला आवाज काढला. सप्रे येथल्या मातीचे म्हणणे ऐकू शकले, कारण त्यांनी कान वसुलीच्या वहीतून वर काढला होता. त्यांचा हा वारसा आपण सांगतो. तो चालविला आहे काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

३ नोव्हेंबर २०१८ रोजी रायपुरात लक्ष्मण मस्तुरियांचे निधन झाले. राज्याचा अठरावा वर्धापनदिन होऊन दोनच दिवस झाले होते. पुढच्या वर्षी जून महिन्यात खुमानलाल सावही गेले. चंदैनी गोंद्याच्या रात्रींचे दोन मोठे साक्षी सात-आठ महिन्यांच्या अंतराने निघून गेले. गाणी राहिली, आणि ती राहतील याविषयी मला शंका नाही.

ती कशी राहतील एवढाच प्रश्न आहे. मस्तुरियांची गणना महाकवींत करावी, असा माझा आग्रह नाही. आग्रह एवढाच की, त्यांना कवी म्हणून वाचावे. त्यांच्या गीतांना कर्ता आहे, त्या कर्त्याला विचार होता, राग होता, आणि शब्द निवडण्याची कसबी नजर होती, हे ध्यानी ठेवून ऐकावे. नाव परत दिले की धारही परत येते. कारण कोणी म्हटले हे कळले की, कोणाला म्हटले असा प्रश्न आपोआप उभा राहतो.

'मोर संग चलव' ही हाक आपल्याला नव्हती, हे मला आता कळते. ती ज्यांच्यासाठी होती त्यांत कचेरीतले साहेब नव्हते, त्यांचा चपराशी होता. त्याने ते गाणे 'आमचे' म्हटले तेव्हा तो कवीचे नाव विसरला नव्हता. त्याला ते नाव कधी कोणी सांगितलेच नव्हते. सांगण्याची साधने, रेडिओचे निवेदन, समारंभाची पत्रिका, शाळेचे पुस्तक, ही सारी शिकल्यासवरलेल्यांच्या हाती होती. तो वृद्ध गृहस्थ केव्हाच निवर्तला. आता ते गाणे लागले म्हणजे मी त्याचे भाषांतर मनात करीत नाही. 'मोर' म्हणजे 'माझा' हे त्याने मला शिकविले. हे गाणे मस्तुरियांचे, एवढे मी त्याला सांगावयास हवे होते.